पाशापासून पेटीपर्यंत : हे 'नशीब' लिहितं कोण?

कोरेगाव म्हटलं की सर्वांना भीमा नदीकाठचा विजयस्तंभ आठवतो. आम्ही लिहितो आहोत ते सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं. इथल्या एका वस्तीत परवा एक आई आमच्याकडे आली. मुलाच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली होती आणि चार दिवसांत संपलीही होती. मुलाने दारू प्यायली नाही, पत्ते खेळला नाही. मोबाईलवरच्या एका गेममध्ये तो 'पेट्या' उघडत होता. एक उघडली, हवी ती बंदूक निघाली नाही. म्हणून दुसरी, मग तिसरी. आई विचारत होती, "दादा, हा जुगार म्हणायचा का?" पोरगा मान खाली घालून म्हणाला, "नशीबच खराब होतं."

आमचा लेख त्या एका शब्दावर आहे. नशीब.

या पेटीला जगभर 'लूट बॉक्स' म्हणतात. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी आपल्याच भाषांतून उचलला, आज तोच आपल्या पोरांच्या मोबाईलवर परत आला आहे. पैसे आधी द्यायचे आणि पेटीत काय निघेल ते नंतर कळणार. पैसे थेट रुपयांत दिसत नाहीत. कुठे हिरे, कुठे नाणी, कुठे 'यूसी'. शंभराची नोट मोडताना हात थबकतो, हिरे मोडताना थबकत नाही. पेटी उघडताना दिवे चमकतात, आवाज होतो, मोठं बक्षीस अगदी जवळून निसटल्यासारखं दाखवलं जातं. हे सगळं कोणीतरी विचारपूर्वक आखलेलं असतं.

मित्रांनो, हा खेळ नवा नाही. 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य समाजाच्या जुगाराची झाडाझडती घेतली आहे. कृत, त्रेता, द्वापार आणि कली ही चार युगांची नावं मुळात फाशांची नावं होती, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. सर्वांत शुभ तो कृत, सर्वांत अशुभ तो कली. राजवाड्याला जोडून द्यूतसभा असायची. नलाने राज्य लावलं, पांडवांनी राज्यासह द्रौपदीलाही पणाला लावलं. ज्यांनी माणसाचा जन्म 'पूर्वकर्माचं फळ' म्हणून ठरवला, त्यांनी काळाला नावंसुद्धा फाशाचीच दिली! फासा उलटा पडला तर नशीब, आणि महाराच्या घरी जन्म झाला तर तेही नशीब. दोन्हीकडे नियम लिहिणारा मात्र पडद्याआड.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं आणि १८८७ साली मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा झाला. या कायद्याने जुगाराच्या अड्ड्यावर आणि रस्त्यावर खेळणाऱ्यावर बंदी घातली. पण शर्यतीच्या मैदानावर नियमांत राहून घोड्यावर पैसे लावायला सूट ठेवली आणि 'निव्वळ कौशल्याचा खेळ' वगळला. आजही वर्तमानपत्रात 'मटका अड्ड्यावर छापा' या बातमीखाली कलम १२ (अ) वाचायला मिळतं. त्यात पकडला जातो तो टपरीवर चिठ्ठी फाडणारा. महालक्ष्मीच्या मैदानात घोड्यावर पैसे लावणारा साहेब त्या कलमात कधी दिसला का?

१९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असं स्पष्ट सांगितलं. वाद शब्दकोड्यांसारख्या बक्षीस स्पर्धांचा होता. पण कौशल्याचा दरवाजा उघडाच राहिला. १९६८ च्या निकालात रमी कौशल्याची ठरली, १९९६ साली घोड्यांची शर्यतही. याच दरवाजातून पुढे ऑनलाईन रमीच्या कंपन्या आत आल्या.

गरिबांसाठी होता तो मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर सट्टा लागायचा. ते बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्रीने आपला वेगळा. ज्या वरळीत १९७४ साली पँथर रस्त्यावर उतरले, तीच ही वरळी. गिरणी कामगाराचा पगार ओपन-क्लोजमध्ये जिरला आणि हे लोण सातारा-सांगलीच्या बाजारपेठांपर्यंत आलं. त्याचं गणित साधं आहे. आकडे दहा, आणि लागला तर साधारण एका रुपयाला नऊ. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमा दहा, वाटप नऊ. कोणाचंही नशीब उघडो, बुकीचा रुपया पक्का. सरकारही मागे राहिलं नाही, १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली.

आता पेटीचं गणित पाहू. समजा एखादी वस्तू शंभरात एकदा निघते. पोरांना वाटतं, शंभर पेट्या उघडल्या की ती मिळणारच. तसं होत नाही. शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ३७ मुलं रिकाम्या हाताने उठतात. मटक्यात निदान आकडे किती आणि भाव काय, हे खेळणाऱ्याला ठाऊक असायचं. पेटीतला भाव कंपनी लिहिते आणि तीच बदलू शकते. शिवाय मटक्यात जिंकलेल्याला पैसे मिळायचे. इथे मिळतं ते बंदुकीचं चित्र. गेम बंद पडला की तेही गेलं.

इतर देश हे ओळखून आहेत. असे चिठ्ठीचे प्रकार जोडून संच पूर्ण करायला लावणारी पद्धत जपानने २०१२ साली बेकायदा ठरवली. २०१७ पासून चीनमध्ये कंपन्यांना कोणती वस्तू किती वेळा निघते ते जाहीर करावं लागतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्याने कौशल्य आणि नशीब हा जुना भेद पुसून पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले, खेळणाऱ्याला सोडून चालवणाऱ्याला शिक्षा ठेवली. हे पाऊल योग्यच आहे. पण त्याचा भर पैसे लावून पैसे वा पैशासारखा लाभ जिंकण्यावर आहे. पेटीत 'फक्त चित्र' निघतं, त्याला लाभ म्हणायचं का, अशी पळवाट कंपनी काढू शकते. पेटीचा स्पष्ट उल्लेख कायद्यात नाही. १८८७ साली एक दरवाजा उघडा राहिला होता, तसाच हा दुसरा.

काही जण म्हणतील, पोरांना कोणी जबरदस्ती केली? त्यांची हावच नडली. आमचं उत्तर याच मातीतलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेब १९०१ चा प्रवास सांगतात. वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलं साताऱ्याहून मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून, बैल स्वतः हाकायच्या अटीवर गाडी मिळाली. गाडीवाल्याला मुलांचा स्पर्श चालत नव्हता, पैसा मात्र दुप्पट चालला. ती मुलं हावरट होती का? अंधार पडत होता, दुसरी गाडी नव्हती आणि अट दुसऱ्याने लिहिलेली होती. आपल्या वस्तीत ना मैदान, ना वाचनालय, ना हाताला काम. मग हातात मोबाईल येतो. त्यातल्या अटी पोराने लिहिल्या आहेत का?

म्हणून पोराला शिव्या देणं थांबवा, आणि त्याला 'नशीब' म्हणणंही थांबवू द्या. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे गृहस्थाला सांगितले : जिंकला तर वैर वाढतं, हरला तर शोक, धन जातं, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, लग्नाला कोणी मुलगी देत नाही. सहांपैकी एकही तोटा देवाच्या कोपाचा नाही. सगळे डोळ्यांनी दिसणारे आहेत. धम्माची हीच रीत : कारण शोधा, कारण दूर करा.

कारण दूर करायचं तर सरकारकडे दोन मागण्या हव्यात : पैसे देऊन उघडायची पेटी १८ वर्षांखालील मुलांना बंद करा, आणि प्रत्येक पेटीत काय किती वेळा निघतं ते मराठीत छापा. आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून वर दिलेलं शंभर पेट्यांचं गणित पोरांकडूनच सोडवून घ्या. शिष्यवृत्तीचं खाते मोबाईलच्या पेमेंटला जोडू नका, हेही घराघरांत सांगा.

त्या मुलाने आमच्यासमोर हे गणित वहीवर मांडलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे नशीब नव्हतंच."

नव्हतंच, बाळा. जन्माचंही नव्हतं, पेटीचंही नाही.

जयभीम!