१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येची कुळकथा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते. नऊ एकांनी लिहिलेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. साहित्याच्या विद्यार्थ्याला तिच्यात विलोमपदाचा खेळ दिसेल. परंतु गणिताच्या इतिहासात अशा सौंदर्याला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

हे कुळ जुने आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी म्हणून वर्णिली. हा सहा एकांनी लिहिलेल्या संख्येचा वर्ग.

विसाव्या शतकात या कुळाला नाव दिले ते देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६). कल्पना सुचली त्या जी.आय.पी. रेल्वेच्या स्थानकावरून त्यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नावही त्यांचेच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे ती डेम्लोही आहे आणि हर्षदही.

मात्र अशा शोधांविषयी गणितज्ञांना शंका होती. १९४० साली जी. एच. हार्डी यांनी ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणे घेतली. चार अंकी संख्यांत स्वतःच्या उलट रूपाच्या पूर्ण पटीत असणाऱ्या एवढ्या दोनच. पण असली सत्ये कोड्यांच्या सदरात शोभतात, गंभीर गणितात नव्हे, असे त्यांचे मत होते.

आक्षेप निराधार नाही. आपली संख्या पूर्ण वर्ग आहे, ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव आहेत, तिला ४५ विभाजक आहेत. हे गुण ती कशीही लिहिली तरी टिकतात. तिचा चढउतार मात्र दशमान लेखनाचा आहे. भाषांतरात अर्थ उरावा आणि यमक हरपावे, तसे हे. दशमानातही त्याला मर्यादा आहे : दहा एकांच्या वर्गात मधल्या स्थानी दहा येतात, हातचा सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी मोडलेली माळ हाती येते.

पण यमक भाषेबाहेर टिकत नाही म्हणून आपण ते क्षुल्लक ठरवतो काय? भाषेच्या घडणीविषयी ते पुष्कळ सांगते. स्थानमूल्याची दशमान पद्धती ही भारतीय संस्कृतीची थोर निर्मिती; कापरेकर तिचे छंदःशास्त्र लिहीत होते, असे आम्हांला वाटते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून त्यांची ओळख जगाला करून दिली. ते सदर मनोरंजक गणिताचेच होते. हार्डींनी दाखवलेल्या त्याच दालनात कापरेकरांना अखेर मान मिळाला.