हुंडी ते यू. पी. आय. : रक्कम हस्तांतरणातील गती, अचूकता आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना

एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोहोचविणे हा अर्थव्यवहारातील अतिशय जुना प्रश्न आहे. या प्रश्नाची दोन अंगे आहेत : रक्कम लवकर पोहोचावी आणि ती योग्य माणसालाच मिळावी. भारतातील इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाचा इतिहास बहुधा गतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु चूक झाल्यास तिचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने हस्तांतरण पद्धतींच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

हुंडीतील अचूकतेची व्यवस्था

हुंडीचे दर्शनी आणि मुदती हे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. मात्र हुंडीच्या मजकुरात चूक व लबाडी टाळण्याची जी योजना होती, तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हुंडीत रक्कम केवळ अंकात लिहून भागत नसे. तिची निमे रक्कम लिहून ‘त्याची दुप्पट’ असाही उल्लेख केला जाई. एखादा अंक बदलला गेला तर निमपटीशी मेळ बसत नसे. हुंडी गहाळ झाल्यास पैठ आणि पैठही हरवल्यास परपैठ देण्याची रीत होती.

शाहजोग हुंडीची रक्कम बाजारातील प्रतिष्ठित सावकारामार्फतच घ्यावी लागे. हुंडी पुढे खोटी अथवा चोरीची ठरली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. म्हणजेच पैसे घेणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम व्यवस्थेतील एका जाणत्या घटकाकडे सोपविलेले होते. हुंडणावळीच्या रूपाने व्यापारी जी किंमत मोजत, तिच्यामागे ही सारी व्यवस्था उभी होती.

तार, धनादेश आणि समाशोधन

तारयंत्राच्या आगमनानंतर बँका तारेने रक्कम पाठवू लागल्या. संदेश खरा आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी रक्कम, तारीख इत्यादींवरून काढलेला गुप्त सांकेतिक अंक तारेत घातला जाई. पडताळणी येथेही बँकेच्याच कर्मचाऱ्याकडे होती. धनादेशांची संख्या वाढल्यावर हाताने वर्गवारी करणे अशक्य होऊ लागले. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात महानगरांमध्ये चुंबकीय शाईच्या अक्षरांवर आधारित समाशोधन सुरू झाले. १९९६ मध्ये हैदराबाद येथे बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये बँकांसाठी ‘इन्फिनेट’ हे स्वतंत्र संपर्कजाळे कार्यान्वित झाले.

नव्या प्रणाली आणि गती

२६ मार्च २००४ रोजी आर. टी. जी. एस. प्रणाली सुरू झाली. तीत मोठ्या रकमेच्या प्रत्येक आदेशाची स्वतंत्रपणे व तत्काळ पूर्तता होते. २१ नोव्हेंबर २००५ रोजी एन. ई. एफ. टी. आली. तीत आदेश ठरावीक वेळी गटाने घेऊन बँकांमधील निव्वळ देणे-घेणे भागविले जाते. २०१० मध्ये आय. एम. पी. एस. आणि २०१६ मध्ये यू. पी. आय. या प्रणालींनी सामान्य ग्राहकाला अहोरात्र तत्काळ हस्तांतरण उपलब्ध करून दिले. १६ डिसेंबर २०१९ पासून एन. ई. एफ. टी., तर १४ डिसेंबर २०२० पासून आर. टी. जी. एस. चोवीस तास सुरू झाली.

या गतीचा पाया म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाविना आदेशाची पूर्तता. त्यासाठी बँक व शाखा ओळखणारा अकरा चिन्हांचा आय. एफ. एस. संकेतांक आणि खाते क्रमांक एवढी माहिती पुरेशी मानली गेली.

नाव की क्रमांक?

खरी अडचण येथेच निर्माण झाली. ‘कुलकर्णी’ हे एकच आडनाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. नाव जुळवून पाहावयाचे तर कर्मचारी हवा, आणि कर्मचारी आला की विलंबही आला. १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने केवळ खाते क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्यास मुभा दिली आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर असल्याचे स्पष्ट केले. शाहजोग हुंडीत जो भार शाहाकडे होता, तो आता ग्राहकाकडे आला.

हा भार हलका नव्हता. युरोपातील ‘आयबॅन’ क्रमांकात दोन पडताळणी अंक असतात. त्यामुळे बहुतेक लेखनचुका जागीच उघड होतात. आपल्याकडे सर्व बँकांना समान अशी खाते क्रमांकाची रचनाच नव्हती. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत येई. परंतु तो दुसऱ्या कोणाचा असेल तर ती परत मिळविणे बव्हंशी त्या व्यक्तीच्या संमतीवर अवलंबून राही. निवृत्तिवेतनधारक किंवा शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी यांच्यासाठी एका अंकाची चूक म्हणजे महिन्याचा खर्च होय. क्रमांक दोनदा टंकलिखित करण्याची सक्ती हा निम्या रकमेच्या जुन्या युक्तीचाच नवा अवतार म्हणता येईल. तथापि मूळ कागदावरील क्रमांकच चुकीचा असेल तर तिचा उपयोग होत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अयशस्वी व्यवहारांसाठी कालमर्यादा व भरपाई निश्चित केली. परंतु भलत्याच खात्यात गेलेला पैसा यंत्राच्या दृष्टीने ‘यशस्वी’ व्यवहारच असतो. त्याला या भरपाईचा आधार मिळत नाही. यू. पी. आय. व आय. एम. पी. एस. मध्ये पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आधीपासून होती. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने ती आर. टी. जी. एस. व एन. ई. एफ. टी. साठीही १ एप्रिल २०२५ पर्यंत विनाशुल्क उपलब्ध करून देणे बँकांना बंधनकारक केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, गती आणि अचूकता या परस्परविरोधी नाहीत. प्रश्न पडताळणीची जबाबदारी कोणाकडे असावी हा आहे. हुंडीत व तारेत ती व्यवस्थेकडे होती, २०१० नंतर ती ग्राहकाकडे गेली आणि नाव दाखविण्याच्या सोयीमुळे तिचा काही अंश पुन्हा व्यवस्थेकडे आला. मात्र पडद्यावरील नाव वाचून निर्णय घेण्याचे काम आजही ग्राहकाचेच आहे. ज्याला ते नाव वाचता येत नाही किंवा ज्याच्या वतीने दुसराच कोणी पैसे पाठवितो, त्याच्यापर्यंत ही सुधारणा पोहोचत नाही. पडताळणी अंक असलेला समान खाते क्रमांक आणि चुकून गेलेली रक्कम परत मिळविण्याची कालबद्ध पद्धत या दिशेने पुढील विचार होणे आवश्यक आहे.