मानमोडीच्या साथीत बाया जास्त का गेल्या?

जुनी माणसं 'मानमोडीची साथ' म्हणायची, ती म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा, आपण ज्याला फ्लू म्हणतो तो. आमच्या गटांनी आज हाच विषय घेतला आहे, कारण त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या.

पहिलं महायुद्ध चालू होतं. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट त्या मानाने सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली, ती भयंकर होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. रेल्वेच्या वाटेने साथ खेड्यापाड्यांत पोचली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त आणि देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मृत्यू झाले, असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. खरीप बुडालं, धान्य महागलं. लस नव्हती, औषध नव्हतं, पुष्कळ डॉक्टर लढाईवर गेलेले. साथीने नेली ती जास्त करून वीस ते चाळीस वयाची, म्हणजे ऐन कष्टाची माणसं.

आणि बाया? घरात आजारी पडेल त्याच्या उशाशी तीच बसायची. पाणी, चूल, गुरं, सगळं तिच्याच अंगावर. जेवायला सगळ्यांत शेवटी, तेही उरेल ते. अशा अंगात ताप शिरला की ती उठायची नाही, आणि ती पडली की घराला पाणी द्यायलाही कोणी नसायचं. गरोदर बाईला तर फ्लू आजही जास्त धोक्याचा असतो.

तेव्हा सरकारी मदत अपुरी पडली, पण माणसं पुढे आली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी मुंबईत घरोघरी मदत पोचवली. घरातली सगळीच अंथरुणावर असतील, तेव्हा बाहेरून कोणीतरी आलंच पाहिजे, हे त्यातून शिकायचं.

साथी पुढेही येतील. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा बचतगटांनी मास्क शिवले. म्हणून तयारी आधीच करायची.

घरात दोन आठवड्यांचं धान्य, डाळ, मीठ, साबण आणि नेहमीच्या गोळ्या असू द्या. आजारी माणसाला शक्यतो वेगळ्या, खिडकी असलेल्या खोलीत ठेवा. त्याच्याजवळ एकानेच जावं, तोंडाला मास्क लावून, आणि हात साबणाने धुवावेत. पाणी, पेज, वरणाचं पाणी देत राहा. धाप लागली, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागला, उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा मूल पाणी पिईना, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला नुसता ताप-खोकला आला तरी पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्या. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

गटाने पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. एकट्या राहणाऱ्या, म्हाताऱ्या आणि गरोदर बायांची यादी आशाताईंबरोबर बसून करायची. कोणत्या घरी कोणी डबा आणि पाणी दारात ठेवायचं, ते वाटून घ्यायचं. आणि बचतीतून आजारपणासाठी थोडी रक्कम बाजूला काढायची.

आणखी एक गोष्ट घरी सांगायची. सेवा करणाऱ्या बाईने आधी पोटभर जेवायचं, रात्री झोपायचं, आणि तिला ताप आला तर घरातल्या पुरुषाने चूल पेटवायची. साथ येण्याची वाट न पाहता हे आजच ठरवून टाका.