पिसदुऱ्याची विष्ठा आणि पॅटागोनियाचा दात

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच इथले जीवाश्म जमवले होते. 2005 साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींमधले गारेचे सूक्ष्म कण शोधले. गवताचे निदान पाच प्रकार निघाले, त्यांत भाताचे भाऊबंदही होते. माझ्या मते भारतथेरियमची कुळकथा इथूनच सुरू करायला हवी.

भारतथेरियम हा डायनासोरच्या अखेरच्या काळातला छोटा सस्तन प्राणी. 2007 साली त्याला दोन नावं मिळाली. किसलपुरीच्या दातावरून ‘भारतथेरियम बोनापार्टेई’ ठरलं, तर दुसऱ्या चमूने ‘दक्षिणा जेडेरी’ सुचवलं. आधी छापलं गेलेलं नाव टिकलं. त्याची दाढ नखावर मावेल एवढी. मुकुट उंच, माथा दळायला सपाट, बाजूला उभी खाच. उंदराचीच वाटावी, पण हा उंदीर नव्हे.

याचे सगेसोयरे दक्षिण अमेरिकेत. पॅटागोनियातल्या ‘सुदामेरिका’ला 1984 मध्ये स्लॉथ-आर्माडिलोंच्या गोतात बसवलं, पुढे तिथून उठवलं. 2014 साली मादागास्करची ‘विंताना’ ही कवटी प्रसिद्ध झाली आणि या सगळ्यांचा गट, गोंडवनाथेरिया, ही नामशेष झालेली निराळी शाखा असल्याचं मत बळावलं.

खरा वाद उंच दातांचा. एक पक्ष म्हणतो, सुदामेरिका बीव्हरसारखा पाण्याकाठी माती उकरत राहायचा, रेतीने दात झिजायचे, म्हणून ते उंच झाले. भारतथेरियमचे दातही लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळातच मिळाले, तेव्हा हे म्हणणं उडवून लावता येत नाही. पण काठावर राहणाऱ्याला चारा लागतोच. पूर्वी गवताचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असायचं: त्या काळात गवत होतंच कुठे? पिसदुऱ्याने ती अडचण दूर केली. गारेचे कण भरलेलं गवत चघळलं की दात झिजणारच. झिजेचं मूळ कारण गवत, रेतीची त्यात भर, असं माझं ठाम मत.

दुवा एका जागी निसटतो. भारतथेरियमचे दात मिळाले ते विदर्भाबाहेर नस्कल, गोकाक आणि किसलपुरीला, पिसदुऱ्याला नाही. पण नागपूरच्या टाकळीलाही लाव्हाच्या थरांमध्ये तळ्याचा गाळ आहे, हिस्लॉप यांनी तो अभ्यासलाही होता. तो बारीक चाळणीतून धुऊन, कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. असा एक दात विदर्भात मिळेल, अशी माझी खात्री आहे.