दिव्यांग स्त्रिया व मुली : कायदेशीर हक्क (भारत)

दिव्यांग स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या भारतीय तरतुदी कोणा एका कायद्यात नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, फौजदारी कायदे, बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आणि न्यायालयीन निर्णय यांत त्या विखुरल्या आहेत. बहुतेक तरतुदींच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत : तिच्या शरीराचा निर्णय कोणी घ्यायचा, आणि तिच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही.

पहिला प्रश्न महाराष्ट्रात १९९४ साली पेटला. शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीतली स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. स्त्री-संघटनांच्या विरोधामुळे पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्यावर झाल्या, त्यांचे नुकसान कायमचे होते.

सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन (२००९) या खटल्याने दिशा बदलली. चंदीगडच्या नारी निकेतन या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका तरुणीवर तिथेच बलात्कार झाला. तिला मूल हवे होते, तरी उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीऐवजी पालकाची संमती फक्त मानसिक आजारात चालते; बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, म्हणून अशा सज्ञान स्त्रीच्या संमतीला पर्याय नाही. प्रजननाची निवड हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

२०१६ च्या अधिनियमातील कलम १० मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई करते. स्त्रीच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात केल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद होते. मात्र तीव्र दिव्यांगत्व असल्यास डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती पुरते. हा अपवाद धोक्याचा आहे : जिला स्वतःचे म्हणणे मांडायला सर्वाधिक मदत लागते, तिचाच आवाज त्यातून वगळला जातो.

साक्षीबाबतचे महत्त्वाचे बदल २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने केले. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. लैंगिक गुन्ह्यांत दिव्यांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आणि त्या नोंदणीचे चित्रीकरण करायचे. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब सरतपासणी मानला जातो. त्यामुळे खटल्यात तिला सारे पुन्हा सांगावे लागत नाही, थेट उलटतपासणी होते. दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) नुसार किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे.

पाटन जमाल वली (२०२१) खटल्यातील पीडिता अंध व अनुसूचित जातीची होती. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. ती ओळख सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, दिव्यांग साक्षीदाराची साक्ष दुय्यम मानता येणार नाही असे बजावले आणि न्यायाधीश, सरकारी वकील व पोलिसांच्या प्रशिक्षणाची गरज नोंदवली.