फिल्टर नसलेला सीडी प्लेअर



ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट यांच्या आठवणी इथे पुष्कळ आल्या. सीडीबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. मी कॉमर्सचा माणूस, उभी हयात बँकेत गेली. पण आकड्यांतून गाणं कसं निघतं याचं कुतूहल होतं, म्हणून हा थोडा इतिहास.

१ ऑक्टोबर १९८२ ला जपानात सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला. सीडीवर आवाज नसतोच, असतात नोंदी. डाव्या-उजव्या बाजूच्या प्रत्येकी सेकंदाला ४४,१००. त्या तशाच वाजवल्या तर आवाजाची रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची होते आणि कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्टीत गाण्याच्या सावल्या उमटतात. सोनीने त्या अडवायला शेवटी एक कडक गाळणी बसवली. फिलिप्सने वेगळी वाट धरली. मधल्या नोंदी हिशेबाने काढून सेकंदाला १,७६,४०० करायच्या, मग पुढे साधी गाळणीही पुरते. हाच डिजिटल फिल्टर.

१९९६-९७ च्या सुमारास रिओहेई कुसुनोकी या जपानी गृहस्थांनी 'एमजे' मासिकात लिहिलं, की हा फिल्टरच काढून टाका. त्यांचं म्हणणं, मागचे-पुढचे आकडे एकमेकांत मिसळले की तबल्याच्या थापेसारखा नेमका क्षण पसरतो. मग जगभरच्या हौशी लोकांनी जुने फिलिप्स पद्धतीचे प्लेअर उघडून फिल्टरची चिप काढली आणि तारा थेट जोडल्या.

आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटावं असं आहे. व्हाउचर ४४,१०० आणि खात्यात नोंदी १,७६,४००? ऑडिटर सोडेल का! पण इथे ती उपमा फसते. शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, सर्वांत वरच्या सुराच्या दुपटीहून जास्त वेगाने नोंदी घेतल्या असतील, तर मधली रेघ एकच निघते. म्हणजे त्या नोंदी मनच्या नव्हेत, व्याजाच्या हिशेबासारख्या मुद्दलातूनच येतात. उलट फिल्टर काढला की २०,००० हर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. आपल्या वयात तिथलं ऐकू येतं कुणाला, ती गोष्ट वेगळी!

पुण्यात एका स्नेह्यांकडे मी दोन्ही प्रकार ऐकले. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून सीडीवर आलेल्या बालगंधर्वांच्या पदांत मला काडीचा फरक कळला नाही. कळणार कसा? त्या तबकड्यांत इतके वरचे सूर मुळात जवळपास नाहीतच. नव्या ध्वनिमुद्रणात मात्र फिल्टर नसताना तंबोरा जरा मऊ वाटला. मला आवडला. पण आवडणं वेगळं आणि अचूक असणं वेगळं.

एवढं लिहिण्याचं कारण असं. मुलं नोकरीला पुण्या-इंदूरला गेली, घरं आवरली जातात आणि नाट्यसंगीताच्या सीडी भंगारात किलोवर जातात. प्लेअर कोणताही चालेल, फिल्टरवाला की बिनफिल्टरचा, हा वाद सावकाश करू. सीडीवरच्या मूळ नोंदी गेल्या तर वाद घालायलाही काही उरणार नाही. कॉम्प्युटरवर नीट उतरवून घेतल्या तर आकडा न आकडा तसाच राहतो. सीडीवर बोटं लावू नका, कडेने धरा, उन्हापासून दूर ठेवा.

आपल्या बऱ्हाणपूरच्या गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कॅसेट किंवा सीडी कुणाकडे असतील तर टाकू नका. मला जरूर कळवा, उतरवून घेण्याची व्यवस्था करू.