वार्धक्यातील पडणे आणि व्यायामविज्ञान : एका विचारपरिवर्तनाचा मागोवा

वृद्ध माणसाच्या पडण्याविषयी बोलताना मराठीत ‘पाय घसरला’, ‘तोल गेला’, ‘भोवळ आली’ असे निरनिराळे शब्दप्रयोग रूढ आहेत. पडण्याची कारणे अनेक असतात ही जाणीव त्यांत उघडच दिसते. या कारणांची शास्त्रीय गणना करण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथील वैद्य जे. एच. शेल्डन यांनी केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी २०२ व्यक्तींच्या ५०० पडण्यांचा अभ्यास केला. सुमारे एकतृतीयांश पडणी अपघाती स्वरूपाची ठरली, तर एकचतुर्थांश पडण्यांत शुद्ध न हरपता पाय एकाएकी गळून गेले होते. पडणे हा केवळ दैवाचा भाग नसून निरीक्षणाचा विषय होय, ही दृष्टी येथे प्रस्थापित झाली.

परंतु कारणे कळली म्हणजे उपाय सापडतोच असे नाही. पडू नये म्हणून वृद्धाने स्वस्थ बसावे, हाच सर्वांस सुचणारा उपाय होता. त्यातील धोका रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्येच दाखवून दिला होता. अंथरुणात पडून राहिल्याने सांधे, स्नायू व रक्ताभिसरण यांची हानी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि गेलेले बळ उतारवयात परत मिळविता येते काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे उत्तर बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात व्यायाम-शरीरक्रियाविज्ञानाचे अभ्यासक विल्यम एव्हान्स व त्यांचे सहकारी यांनी शोधले. १९८८ मध्ये वॉल्टर फ्रॉन्टेरा यांच्यासह त्यांनी ६० ते ७२ वर्षे वयाच्या १२ पुरुषांना १२ आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला. गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बळ दुपटीहून अधिक झाले आणि मांडीच्या स्नायूंचा आकारही वाढला. १९९० मध्ये मारिया फिआतारोने यांच्या प्रमुखत्वाखाली याच गटाने अधिक धाडसी प्रयोग केला. वृद्धनिवासातील, सरासरी ९० वर्षे वयाच्या १० दुर्बल व्यक्ती त्यात सहभागी झाल्या. आठ आठवड्यांचा व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. व्यायाम थांबताच मात्र चार आठवड्यांत त्यातील ३२ टक्के बळ ओसरले. म्हणजे नव्वदीतही स्नायू शिकण्यास तयार असतो. तथापि मिळविलेले बळ सरावावाचून टिकत नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. बळ वाढले म्हणून पडणे कमी झाले, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. मेरी टिनेटी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ७५ वर्षांवरील ३३६ व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण केले होते. त्यांपैकी ३२ टक्के व्यक्ती पडल्या. धोक्याची एकही बाब नसलेल्यांत पडण्याची शक्यता ८ टक्के होती, तर अशा चार किंवा अधिक बाबी असलेल्यांत ती ७८ टक्के होती. दुर्बलता ही अनेक कारणांपैकी एक होय.

पडण्याच्या संख्येवरच व्यायामाची कसोटी लावणारा महत्त्वाचा प्रयोग न्यूझीलंडमधील डनेडिन येथे जॉन कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी केला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८० वर्षांवरील २३३ स्त्रिया त्यात होत्या. पहिल्या दोन महिन्यांत भौतिकोपचारतज्ज्ञ चार वेळा घरी जाऊन स्नायुबलाचा व तोल सांभाळण्याचा व्यायाम शिकवी. पुढे तो त्या स्वतः करीत. वर्षअखेर व्यायाम करणाऱ्या गटात ८८, तर इतर गटात १५२ पडणी नोंदली गेली. यातील साधेपणा विशेष उल्लेखनीय आहे : रुग्णालय नाही, अवजड यंत्रे नाहीत, केवळ घर आणि नियमित सराव.

पुढील संशोधनाने या निष्कर्षास पुष्टी दिली. कॅथरीन शेरिंग्टन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तोल व दैनंदिन हालचाली यांवर भर देणाऱ्या व्यायामाविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम ठरला.

या इतिहासाचा अर्थ व्यायामाने म्हातारपण टळते असा नव्हे. शेल्डन यांनी मोजलेले पडणे नंतरच्या संशोधकांनी काही अंशी टाळता येण्याजोगे ठरविले, एवढाच त्याचा अर्थ होय. वृद्धास जपणे म्हणजे त्यास खुर्चीवर बसवून ठेवणे, ही समजूत मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही. ती प्रेमापोटी आली असली तरी तिची किंमत वृद्धाच्या पायांतील बळाने चुकवावी लागते.